कामावर रुजू करून घेताना : आस्थापना-अधिकाऱ्यांस एक अनावृत पत्र

महाराष्ट्रातील कचेऱ्या, बँका, कारखाने व शिक्षणसंस्था यांचे आस्थापना-अधिकारी आणि कार्मिक व्यवस्थापक यांस,



आपल्या वर्गाशी माझा पत्रव्यवहार पुष्कळ वर्षांचा आहे. परंतु तो नेहमी कोणा एका रुग्णापुरता, त्याच्या रजेच्या, दाखल्याच्या किंवा अडलेल्या पगाराच्या निमित्ताने होत आला, आणि बहुधा त्या माणसाच्या नोकरीचा निकाल आपल्या दप्तरी मनोमन लागून गेल्यावर होत आला. मी व्यवसायोपचारतज्ज्ञ आहे (हे ऐकून 'म्हणजे आपण नोकऱ्या लावून देता काय?' असे विचारणारे सद्गृहस्थ मला अद्याप भेटतात), आणि मेंदूला इजा झालेल्या माणसांना सदऱ्याची बटणे लावण्यापासून जमाखर्च लिहिण्यापर्यंतची कामे पुन्हा हस्तगत करून देण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. आज हे पत्र उघडपणे लिहावेसे वाटले, त्यास निमित्त झाले ते एका कचेरीने मला साभार परत पाठविलेल्या अहवालाचे. मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागलेल्या एका कारकुनाविषयीचा तो अहवाल होता. हा गृहस्थ दिवसाकाठी किती तास एकाग्र राहू शकतो, कोणती कामे तो आज करू शकेल, कोणती काही महिन्यांनी करू शकेल, कोणती त्याला तूर्त मुळीच देऊ नयेत आणि त्याच्या मेजाची जागा कोठे असावी, हे सारे मी त्यात दोन पृष्ठांत मांडले होते. त्यावर शेरा आला तो असा : 'सदर अहवालात कर्मचारी कामावर रुजू होण्यास पात्र आहे अथवा अपात्र, याचा स्पष्ट उल्लेख आढळून येत नाही. सबब अहवाल परत.'

शेरा लिहिणाऱ्याचा मला राग आला नाही. त्याच्यापुढे जो छापील नमुना होता, त्यात दोनच रकाने होते आणि माझा रुग्ण त्या दोहोंपैकी एकाही रकान्यात बसत नव्हता. माझी तक्रार त्या नमुन्याविषयी आहे, आणि तो नमुना जिच्यातून निपजतो त्या आपल्या विचारसरणीविषयी आहे.

प्रथम, मी कोणाविषयी बोलते आहे ते स्पष्ट करते. जन्मतः निरोगी असलेल्या, शिकलेल्या, नोकरीस लागलेल्या, बहुधा घर चालविणाऱ्या माणसाच्या मेंदूवर मध्येच केव्हातरी आघात होतो : कोणी दुचाकीवरून पडतो, कोणी बांधकामाच्या परांचीवरून, कोणाला पक्षाघाताचा झटका येतो, कोणाच्या मेंदूतील रक्तवाहिनी फुटते, कोणाला मेंदूज्वर होतो, कोणाला क्षयाचा मेंदूच्या आवरणापर्यंत पोचलेला दाह, कोणाची गाठ काढावी लागते, कोणाचे हृदय काही मिनिटे थांबते आणि तेवढ्या अवधीत प्राणवायूवाचून मेंदूचे जे व्हायचे ते होऊन जाते. कारणे निरनिराळी असली, तरी आपल्या दारी ही माणसे येतात ती पुष्कळशी एकाच रूपात. जखम भरून आलेली असते, केस वाढलेले असतात, चालणे-बोलणे ठीक असते, आणि हातात शल्यचिकित्सकाचा एका ओळीचा दाखला असतो. त्या एका ओळीबद्दल वैद्यवर्गालाही मला चार शब्द ऐकवावयाचे आहेत. माणूस जगला, जखम सांधली, पट्टी सुटली, येथे शल्यचिकित्सकाचे काम संपते आणि तो प्रामाणिकपणे 'कामावर जाण्यास हरकत नाही' असे लिहितो. कोणत्या कामावर, हे त्याने विचारलेले नसते आणि आपणही त्याला कळविलेले नसते.

आता त्या हरकत नसलेल्या माणसाच्या डोक्यात काय झालेले असते ते पाहा. वेगात असलेले डोके एकाएकी थांबते तेव्हा कवटीच्या आतला मृदू मेंदू पुढेमागे आदळतो, आणि कवटीचा तळ समोरच्या बाजूस खडबडीत असल्यामुळे मेंदूचे कपाळामागील व कानशिलामागील भाग त्यावर खरवडले जातात. शिवाय आतील बारीक मज्जातंतू ताणले जाऊन ठिकठिकाणी तुटतात, आणि ही तूट सीटी स्कॅनच्या चित्रात पुष्कळदा दिसतच नाही. जे भाग असे खरवडले जातात त्यांच्याकडे हातपाय हलविण्याचे खाते नाही. योजना करणे, आरंभ करणे, दोन गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवणे, नुकतेच ऐकलेले साठविणे, संताप आवरणे आणि स्वतःच्या चुका स्वतःला दिसणे ही खाती त्यांच्याकडे आहेत. म्हणून हा माणूस चालत येतो, हसून नमस्कार करतो, दहा वर्षांपूर्वीच्या बदलीच्या हुकमाचा जावक क्रमांकसुद्धा सांगतो. आणि साडेअकरा वाजता साहेबांनी तोंडी सांगितलेली तीन कामे पावणेबारा वाजता विसरतो. काम सांगितले की तो करतो, पण संपल्यावर पुढचे आपणहून उचलत नाही. दुपारी दोननंतर त्याच्या चेहऱ्यावर असा थकवा उतरतो की शेजारच्याला वाटते, रात्री जागरण झाले असावे. फोन, पंखा, खिडकीवरची रांग आणि मागच्या मेजावरची गप्पाष्टके यांच्या कोलाहलात त्याला समोरचा कागद वाचता येत नाही. तोच कागद तो अभिलेखागाराच्या शांत खोलीत बिनचूक वाचतो. आपल्या भाषेत याला आळस, बेफिकिरी आणि कामचुकारपणा अशी नावे आहेत.

पक्षाघाताची उदाहरणे याहून चमत्कारिक असतात. मेंदूच्या उजव्या अर्धगोलात झटका आलेल्या काही रुग्णांचे डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. डोळे शाबूत असतात, पण डावी बाजू त्यांच्या लेखी अस्तित्वातच नसते. असा एक रोखपाल माझ्याकडे आला होता. त्याच्या रोकडवहीतली उजवीकडची खर्चाची बाजू मोत्यासारखी लिहिलेली असे आणि डावीकडच्या जमेच्या नोंदी गाळलेल्या असत. १२,४५० हा आकडा तो कित्येकदा ४५० असा वाचून मोकळा होई. त्याच्यावर अफरातफरीचा संशय घेण्यात आला. पृष्ठाच्या डाव्या कडेला तांबडी जाड रेघ ओढून 'ती दिसल्याखेरीज वाचावयास आरंभ करावयाचा नाही' एवढा नियम आम्ही त्याच्या अंगवळणी पाडला, तेव्हा चुकांचा बराच मोठा भाग नाहीसा झाला. पण तोवर चौकशी अधिकारी नेमला गेला होता.

हा प्रश्न आजचा नाही, आणि आस्थापना-विभागाच्या दृष्टीने त्याची पहिली गाजलेली नोंद तर १८४८ सालची आहे. अमेरिकेतील व्हरमाँट प्रांतात रेल्वेमार्गासाठी खडक फोडण्याच्या कामावर फिनिअस गेज नावाचा पंचविशीतला मुकादम होता. त्या सप्टेंबरात सुरुंगाची दारू ठासताना स्फोट झाला आणि साडेतीन फुटांहून लांब असा लोखंडी गज त्याच्या डाव्या गालातून शिरून कवटीच्या माथ्यातून बाहेर पडला. तो जगला, काही महिन्यांत हिंडूफिरू लागला. परंतु ज्या ठेकेदारांनी त्याला आपला सर्वांत कर्तबगार मुकादम मानले होते, त्यांनी त्याला त्याची जागा परत देण्याचे नाकारले, कारण माणसे सांभाळणारा, बेत आखणारा तो गेज राहिला नव्हता. त्याच्या जागी लहरी, शिवराळ, एक बेत धरून दुसरा सोडणारा इसम आला होता. जॉन हार्लो या त्याच्या वैद्याने ही हकीकत लिहून ठेवली आणि वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांतून ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. पाठ्यपुस्तके बहुधा येथेच थांबतात. मला मात्र तिचा उत्तरार्ध अधिक मोलाचा वाटतो. हाच गेज पुढे तबेल्यात कामास राहिला, आणि १८५२ मध्ये दक्षिण अमेरिकेतील चिली देशात जाऊन त्याने काही वर्षे घोड्यांची उतारू गाडी हाकली. पहाटे उठून घोडी जुंपावयाची, उतारूंची व सामानाची सोय लावावयाची, ठरलेल्या वाटेने ठरलेल्या मुक्कामी गाडी न्यावयाची : काम कौशल्याचे होते, पण त्याची घडी रोजची तीच होती, आणि ती घडीच त्याला सांभाळून नेत असावी, असे अलीकडच्या काही अभ्यासकांचे मत आहे. मुकादमीला तो खरोखरच नालायक झाला होता. ठेकेदारांचे चुकले असे मी म्हणणार नाही. त्यांनी फक्त मुकादमी आणि घरी बसणे यांच्या दरम्यान काही आहे की नाही, हे पाहिले नाही.

ते पाहण्याचे काम पुढे युद्धांनी करावयास लावले. पहिल्या महायुद्धात मज्जाविकारतज्ज्ञ कुर्ट गोल्डस्टाइन यांनी १९१६ साली जर्मनीतील फ्रांकफुर्ट येथे मेंदूला जखम झालेल्या सैनिकांसाठी संस्था काढली, तेव्हा रुग्णालयाला त्यांनी कामाच्या शाळा जोडून घेतल्या, कारण माणूस काय करू शकतो हे खाटेवर कळत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले होते. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी उरल पर्वताच्या परिसरात अशाच जखमी सैनिकांवर हेच काम केले. ज्या राज्यांनी तरुणांना रणांगणावर धाडले, त्यांना त्यांची जबाबदारी टाळणे शोभले नसते. आपले जखमी बहुतांशी रस्त्यावरचे आहेत, हेल्मेट डोक्याऐवजी कोपरात अडकवून निघालेले आहेत, आणि त्यांना तेथे कोणी धाडले असे म्हणता येत नाही. यामुळेच की काय, त्यांचे दायित्व कोणाच्याच खात्यावर पडलेले नाही. तरीही आपण कोऱ्या पाटीवर आरंभ करतो आहोत, असे नाही. कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची भारतातील पहिली शाळा काढली; हाजी अलीजवळची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासूनची; बंगळूरच्या निम्हान्स या मज्जाविज्ञान संस्थेत स्मृती व अवधान यांच्या पुनःशिक्षणाचे काम पुष्कळ पुढे गेलेले आहे. रुग्णालयाच्या दारापर्यंतचा रस्ता, मोठ्या शहरांत तरी, तयार आहे. आपल्या दारापासून मेजापर्यंतचा नाही.

तेव्हा माझी पहिली मागणी ही की, तो दोन रकान्यांचा नमुना आपण बदलावा. 'हा इसम पात्र आहे काय?' असे विचारण्याऐवजी कोणते काम, दिवसातले किती तास, कोणाच्या देखरेखीखाली आणि केव्हापर्यंत, असे चार प्रश्न आपण वैद्यास व आमच्यासारख्यांस विचारावेत. त्यांची उत्तरे देता यावीत म्हणून त्या माणसाच्या नेमून दिलेल्या कामाचे खरेखुरे वर्णन सोबत धाडावे. 'लिपिक, आस्थापना शाखा' एवढ्याने आम्हांस काहीच कळत नाही. आवक-जावक असेल तर रोज किती टपाल येते, मध्ये किती वेळा उठावे लागते, चूक झाली तर ती कोणाच्या नजरेस केव्हा येते, हे कळले म्हणजे आम्ही त्या माणसाला रुग्णालयात त्याच टपालाचा सराव देऊ शकतो.

दुसरी मागणी मुदतीची. आमच्याकडचा माणूस कामावर लवकर धावतो तो बरा झाला म्हणून नव्हे. अर्जित रजा संपली, अर्धपगारी संपली, आता बिनपगारी सुरू होणार म्हणून. कामगार राज्य विमा योजनेतील आजारपणाचा साधारण लाभ वर्षात ९१ दिवसांचा असतो, आणि दीर्घ आजारांच्या यादीतील व्याधींसाठी तो दोन वर्षांपर्यंत वाढविण्याची सोय असली, तरी कामगाराला ती सांगतो कोण? यास्तव ब्याण्णवाव्या दिवशी तो यंत्रापुढे उभा राहतो, पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी, तीही कधी रात्रीची. दोन महिन्यांत त्याच्या हातून चुका होतात, त्या चुकांची नोंद होते, आणि 'आम्ही संधी दिली होती' असे लिहून प्रकरण बंद होते. याऐवजी पहिले काही आठवडे दिवसाला दोन-तीन तास, तेही सकाळचे, आणि ओळखीचे एकच काम. ते स्थिर झाले की एकतर तास वाढवावेत किंवा कामाची अवघडता वाढवावी, दोन्ही एकदम कधीही नाही. सूचना तोंडी न देता लिहून द्याव्यात. साहेब एकच असावा. दर पंधरवड्याने त्याच्या समक्ष आढावा घ्यावा : इतके केले तर निष्पत्ती निराळी होते, हे मी डोळ्यांनी पाहिलेले आहे. यात खर्च फारसा नाही. आपल्या हजेरीपत्रकाला मात्र अर्धा दिवस समजत नाही, ही अडचण मी जाणून आहे. आणि अंगठा लावताच सही उमटविणाऱ्या यंत्राला तर तो मुळीच समजत नाही.

मुंबईकर अधिकाऱ्यांस येथे एक जादा गोष्ट सांगावीशी वाटते. कर्जत, कसारा किंवा विरारहून सकाळच्या गर्दीच्या लोकलने येणारा असा माणूस कचेरीच्या जिन्यापाशी पोचतो तेव्हा त्याच्या त्या दिवसाच्या अवधानाचा निम्मा साठा गर्दी, धक्के, उद्घोषणा आणि 'दादा, पुढे चला' यांतच खर्च झालेला असतो. त्याला अकराला येऊ द्या आणि चारला जाऊ द्या. ही सवलत कागदावर क्षुल्लक दिसते. पण माझ्या अनुभवात पुष्कळांची नोकरी टिकली ती औषधापेक्षा या सवलतीने.

तिसरी गोष्ट मी जरा संकोचाने लिहिते, कारण ज्यांना ती लागू पडते ते आपल्यातले सर्वांत सहृदय लोक आहेत. ते असा माणूस परत आला की त्याला दाराजवळचे एक रिकामे मेज देतात, पगार पूर्ण देतात आणि काम काहीच देत नाहीत. 'बसू दे बिचारा, त्याचा त्रास नको आणि त्याला त्रास नको.' शिपाई त्याला चहा आधी देतो. वाढदिवसाला त्याला विसरत नाहीत. एका तालुक्याच्या गावी अशा मेजाशी बसलेल्या एका शिक्षिकाबाईंना मी भेटले होते. मेंदूज्वरानंतर त्यांना वर्ग आवरत नसे, हे खरेच होते. पण मराठीच्या वह्या त्या पूर्वीइतक्याच चोख तपासू शकत होत्या, आणि त्यांना कोणी वह्या देत नव्हते. वर्षभर काम न मिळाल्याने वह्या तपासण्याचा तो हातही हळूहळू गेला. मेंदूचे जे शिल्लक असते ते वापराने टिकते, ही आमच्या शास्त्रातील फार जुनी आणि पुष्कळ पडताळलेली गोष्ट आहे. तेव्हा दया करावयाची असेल तर वह्या देऊन करावी.

चौथी तक्रार ज्ञापनांची. संताप, उद्धट उत्तर, वेळेवर न येणे, परवानगीवाचून जागा सोडणे यांबद्दल आपण कारणे दाखवा नोटीस काढता. शिस्तीवाचून कचेरी चालत नाही, हेही मान्य. परंतु त्या वर्तनाचे मूळ मेंदूच्या जखमेत आहे की काय, हे पाहिल्यावाचून शिस्तभंगाची कारवाई चालविणे आता कायद्यालाही मंजूर नाही. रविंदर कुमार धारीवाल विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या एका अधिकाऱ्यावरील शिस्तभंगाची कारवाई रद्द केली. तो अधिकारी मानसिक विकाराने पीडित होता, आणि अशा माणसावर त्याच्या विकाराशी निगडित वर्तनाबद्दल कारवाई करणे हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरतो, असे न्यायालयाने म्हटले. प्रकरण मेंदूच्या इजेचे नव्हते. पण तर्क येथे तंतोतंत लागू पडतो, असे मला वाटते.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर तो पुरता करते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या २० व्या कलमान्वये शासकीय आस्थापनेला, सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास कामावरून कमी करता येत नाही की त्याचा हुद्दा उतरविता येत नाही. असलेल्या पदाचे काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसऱ्या पदावर नेमावे, आणि तसे पद नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा सेवानिवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवावे, असा तो मजकूर आहे. ही तरतूद नवीही नाही. १९९५ च्या कायद्याच्या ४७ व्या कलमात ती होतीच, आणि कुणाल सिंग या पाय गमावलेल्या शिपायाच्या खटल्यात २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंधनकारक ठरवून, रुग्णता निवृत्तिवेतन दिले एवढ्याने मालकाची सुटका होत नाही, हेही सांगितले. असे असता आजही रुग्णाच्या पत्नीला कचेरीत बोलावून, चहा पाजून, 'वहिनी, यांना आता झेपायचे नाही, रुग्णता निवृत्तीचा अर्ज आपणच लिहून आणा' असे सांगितले जाते. ती बाई घाबरलेली असते आणि समोरच्याचा स्वर आपुलकीचा असतो. ज्या माणसाची निर्णयशक्तीच जखमी झाली आहे त्याची सही अशा अर्जावर घेणे आपल्याला प्रशस्त वाटते काय, याचा विचार आपण खाजगीत तरी करावा.

त्याच अधिनियमाच्या परिशिष्टात २१ दिव्यांगत्वे नामनिर्देशाने दिली आहेत. मेंदूची अर्जित इजा या नावाने त्यांत नाही. वाचाघात असेल तर वाचा व भाषा या शीर्षाखाली, हातपाय लुळा असेल तर चलनवलनाच्या, स्मृती व विचार बिघडले असतील तर मानसिक आजाराच्या, अशा निरनिराळ्या दारांनी रुग्णाला आत शिरावे लागते. कष्ट पडतात, पण दारे आहेत, आणि 'तुमचा आजार यादीत नाही' असे सांगून त्याला परत लावणे गैर आहे. भरपाईच्या कायद्याचेही तसेच. त्याच्या परिशिष्टात बोटाच्या पेरापेराची टक्केवारी लिहिलेली आहे. अंगठा गेला तर किती, एक डोळा गेला तर किती. स्मरणशक्तीचा रकाना तेथे नाही. मात्र परिशिष्टात नसलेल्या इजेची कमाईची हानी वैद्यकीय तज्ज्ञाकडून ठरवून घेण्याची सोय त्याच कायद्यात आहे, आणि शारीरिक व्यंगाचे प्रमाण व कमाईची हानी या दोन वेगळ्या गोष्टी होत, हे राज कुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. हातापायांत तिळमात्र व्यंग नसलेला लेखापाल शंभर टक्के बेकार होऊ शकतो.

खाजगी कारखानदार म्हणतील की हे सारे सरकारी मंडळींना ठीक. त्यांच्यावर २० वे कलम त्याच जोराने चालत नाही, हे खरे. पण वीस किंवा अधिक माणसे कामास असलेल्या प्रत्येक आस्थापनेने समान संधीचे धोरण लिहून प्रसिद्ध करावे, हे त्यांनाही बंधनकारक आहे. त्या धोरणात, आहेत त्या कामगारांपैकी कोणाच्या मेंदूला इजा झाल्यास त्याला परत कसे घेणार, याचा एक परिच्छेद घालावा एवढेच मी मागते. आणि ज्यांचे नाव आपल्या हजेरीपटावर नाहीच, कंत्राटदाराच्या चोपडीत आहे, त्यांच्याविषयी काय लिहू? परांचीवरून पडलेल्या मजुराची चोपडी दुसऱ्या दिवशी बदलते.

आता आपली बाजू. जोखीम खरी आहे. मेंदूच्या इजेनंतर काहींना अपस्माराचे झटके येतात. अशाला उंचावर, उघड्या यंत्रापाशी किंवा चालकाच्या जागी ठेवा, असे कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही, आणि एस. टी.च्या चालकाचे पुन्हा गाडी हाती देण्याचे आर्जव ऐकून मी स्वतः नाही म्हटलेले आहे. काही माणसे पूर्वीच्या हुद्द्यावर कधीही परत येणार नाहीत. काहींना आपल्यात काही उणे आहे हेच उमजत नाही. हाही जखमेचाच भाग असतो, आणि अशांना समजावणे सर्वांत दुष्कर असते. पाच-सात माणसांच्या लहान कारखान्याला एका माणसाचे अर्धे काम परवडत नाही, हेही मी नाकारीत नाही; त्या ठिकाणी सरकारने भार उचलावा, हे रास्त होईल. परंतु मोठ्या आस्थापनेत, जेथे शेकडो कामांची वाटणी आपण रोज करता, तेथे एका माणसाजोगते काम शोधता येत नाही असे जेव्हा मला सांगितले जाते, तेव्हा ते शोधले गेले होते काय, असे विचारण्याचा मला हक्क आहे.

या शोधाची एक रीत परदेशी सिद्ध झालेली आहे. अमेरिकेत १९८० नंतरच्या दशकात व्हर्जिनियातील पॉल वेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांना आधी शिकवून मग नोकरी देण्याचा क्रम उलटा केला : आधी नोकरीवर ठेवावयाचे आणि मग एक जाणता सोबती त्याच्याबरोबर प्रत्यक्ष कामाच्या जागी उभा करावयाचा, जो आरंभी दिवसभर जवळ असेल आणि हळूहळू मागे सरेल. मेंदूच्या इजेत एका ठिकाणी शिकलेले दुसऱ्या ठिकाणी आपोआप वापरता येत नाही, म्हणून शिकवण त्याच मेजाशी व्हावी लागते. आपल्याकडे असे व्यावसायिक सोबती फार थोडे. पण आपल्याच शाखेतला एखादा शांत स्वभावाचा, निवृत्तीला आलेला हेडक्लार्क हे काम उत्तम करू शकतो. असा एक मी पाहिला आहे. त्याने रोज सकाळी दहा मिनिटे त्या तरुणाच्या डायरीत दिवसाची कामे क्रमाने लिहून दिली आणि दुपारी खुणा तपासल्या. एवढेच केले. त्या दहा मिनिटांची नोंद त्याच्या गोपनीय अहवालात कोणी केली नाही. ती आपण यापुढे करावी, ही माझी शेवटची मागणी समजा.

आणि एक विनंती, जिला हुकूम, परिपत्रक किंवा मंजुरी लागत नाही. आपल्याकडचा कोणी असा आजारी असेल तर तो रुजू होण्यापूर्वी एका दुपारी त्याला, त्याच्या घरच्या एका माणसाला आणि आमच्यापैकी एकाला कचेरीत बोलवावे. त्याची जागा, उजेड, आवाज, स्वच्छतागृहाचे अंतर, फाइली ठेवण्याची पद्धत आम्हांला पाहू द्यावी. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या चार जणांशी बोलू द्यावे, कारण ते मनात 'याच्या डोक्यावर परिणाम झालाय' असे म्हणत असतात आणि त्यांना कोणी काही समजावून सांगितलेले नसते. दोन तास पुरतात. कोणत्याही सरकारी रुग्णालयाच्या व्यवसायोपचार विभागास पत्र धाडले तर आमच्यापैकी कोणी ना कोणी येईल.



आपली,
एक व्यवसायोपचारतज्ज्ञ,
पुणे

ता. क. – रासायनिक कारखाने, गॅस एजन्सी आणि उपाहारगृहे यांच्या व्यवस्थापकांस एक सूचना वर लिहावयाची राहिली. डोक्याच्या माराने घ्राणतंतू तुटून वास येणे कायमचे बंद झालेले कामगार पुष्कळ असतात, आणि ती गोष्ट त्यांना स्वतःलाही कित्येकदा ठाऊक नसते. डोक्याला मार लागलेल्या माणसास गळतीच्या जागी एकट्याने पाळीवर ठेवण्यापूर्वी डोळे मिटवून कॉफी, लवंग आणि साबण यांचा वास ओळखावयास लावावा. परीक्षेला पाच मिनिटे लागतात.